हार्ड डिस्क सर्व्हरमध्ये बसवण्याआधी: तपासणी, आखणी आणि नाव

२०२५च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइझ या तंत्रज्ञानविषयक माध्यमाने एक प्रकार उघडकीला आणला. नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या अनेक हार्ड डिस्क प्रत्यक्षात हजारो तास चालवून झालेल्या होत्या. डिस्क किती तास चालली याची नोंद तिच्या आतच होत असते, आणि ती नोंद कुणीतरी पुसून शून्यावर आणली होती. या डिस्क आपण विक्रेत्यांना पुरवलेल्या नाहीत असं कंपनीने सांगितलं आणि चौकशी सुरू केली. चोरी पकडली गेली ती दुसऱ्या एका नोंदीमुळे. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाचा आणखी एक तपशीलवार अहवाल साठवलेला असतो. पुसणाऱ्यांनी त्याला हात लावला नव्हता, आणि खरे तास तिथे तसेच राहिले होते.

घरी फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं एका जागी ठेवण्यासाठी स्वतःचा छोटा सर्व्हर उभारणाऱ्या माणसाला ही बातमी थेट लागू पडते. अशा सर्व्हरला नॅस म्हणतात: नेटवर्कला जोडलेली, दोन-चार किंवा जास्त हार्ड डिस्क असलेली पेटी, जिच्यातल्या फाइल घरातल्या कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर उघडता येतात. डिस्क आली, खोकं उघडलं, पेटीत सरकवली आणि फाइल भरायला सुरुवात केली, असंच बहुतेक जण करतात. मधल्या दोन पायऱ्या राहून जातात. पहिली, डिस्क भरवशाची आहे का हे पाहणं. दुसरी, तिला अशी ओळख देणं की पाच वर्षांनी ती बिघडली तरी नेमकी तीच हातात येईल. या दुसऱ्या पायरीबद्दल फार कमी लिहिलं जातं. माझ्या मते घरच्या सर्व्हरवरचा जो डेटा वाचवता आला असता आणि तरी गेला, त्याच्या मुळाशी पुष्कळदा ओळखीचाच गोंधळ असतो.

## संगणक डिस्कला ज्या नावाने हाक मारतो, ते तिचं नाव नव्हे

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये डिस्क एसडीए, एसडीबी, एसडीसी अशा दिसतात. घरच्या बहुतेक नॅस आतून लिनक्सच चालवतात. ही नावं पाहून वाटतं की एसडीबी म्हणजे दुसऱ्या खणातली डिस्क. तसं काहीही ठरलेलं नसतं. संगणक सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात, त्या क्रमाने ही अक्षरं वाटली जातात.

वर्गात शिक्षकांनी मुलांना नावाऐवजी ‘पहिल्या बाकावरचा’, ‘दुसऱ्या बाकावरचा’ असं ओळखायचं ठरवलं, आणि एक दिवस पहिल्या बाकावरचा मुलगा आलाच नाही म्हणून बाकीचे एकेक बाक पुढे सरकले, तर सगळ्यांचे गुण भलत्यांच्याच खात्यावर चढतील. डिस्कांचं तसंच होतं. एसडीए मेली आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की काल जी एसडीबी होती ती आज एसडीए म्हणून उभी राहू शकते. तुमच्या वहीत मात्र ‘एसडीए खराब’ असं लिहिलेलं असतं.

डिस्कची खरी ओळख कारखान्यातच ठरते. तो तिचा सिरियल नंबर. तो डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो आणि तिच्या आतही साठवलेला असतो, त्यामुळे डोळ्यांनाही वाचता येतो आणि सॉफ्टवेअरलाही. लिनक्समध्ये ‘डेव्ह’ फोल्डरच्या आत ‘डिस्क’ आणि त्याच्या आत ‘बाय-आयडी’ नावाचं फोल्डर असतं. तिथे प्रत्येक डिस्क कंपनीचं मॉडेल आणि सिरियल नंबर मिळून बनलेल्या नावाने दिसते. डिस्क कुठल्याही खणात हलवा, केबल बदला, हे नाव बदलत नाही. डिस्कांचा संच बांधताना, आणि विशेषतः काहीही पुसण्याची आज्ञा देताना, हेच नाव वापरावं.

एक अपवाद माहीत असलेला बरा. यूएसबीने जोडायच्या काही पेट्या मधल्या चिपमुळे डिस्कचा खरा सिरियल नंबर लपवतात आणि स्वतःचाच सांगतात. म्हणून डिस्क पेटीत घालण्याआधी तिच्या लेबलचा एक स्पष्ट फोटो काढून ठेवावा. पुढच्या सगळ्या कामात हा फोटो उपयोगी पडतो.

## नव्या डिस्कची तपासणी कशासाठी?

कारखान्यात तपासूनच डिस्क बाहेर पडते, हे खरं. पण कारखाना आणि तुमचं घर यांच्यामध्ये गोदामं, ट्रक आणि कितीतरी हात असतात. हार्ड डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारा शेंडा त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. वाटेत बसलेला धक्का बाहेरून दिसत नाही. शिवाय काही डिस्क सुरुवातीच्या दिवसांतच दगा देतात, आणि तो दगा रिकाम्या डिस्कने दिला तर नुकसान फक्त वेळेचं होतं. दुकानातून बदलून घेण्याची मुदतही तेव्हा शिल्लक असते.

तपासणीची सुरुवात डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीपासून करावी. या नोंदीला स्मार्ट म्हणतात. त्यात किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, तापमान काय, किती जागा खराब झाल्या असे आकडे असतात. ‘स्मार्टसीटीएल’ हे मोफत साधन ते दाखवतं. नव्या डिस्कचे तास शून्य किंवा अगदी थोडे असायला हवेत. सीगेटची डिस्क असेल तर याच साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्या फार्म अहवालही दाखवतात. दोन्हींतले तास जुळले नाहीत, तर डिस्क परत करावी.

बाकीच्या आकड्यांपैकी मोजकेच महत्त्वाचे आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित ठरवून ठेवलेल्या जागा, आणि १९८ म्हणजे सुधारताच न आलेल्या. नव्या डिस्कवर हे तिन्ही शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर बहुधा डिस्कचा नव्हे, केबलचा दोष असतो. आधी केबल बदलून पाहावी. सीगेटच्या डिस्कांवर वाचनातल्या चुकांचा कच्चा आकडा प्रचंड मोठा दिसतो आणि लोक घाबरतात. त्या आकड्यात चुकांबरोबर एकूण वाचनांची संख्याही गुंफलेली असते, त्यामुळे तो मोठा असणं स्वाभाविक आहे.

## मग स्मार्ट स्वच्छ असेल तर पुरे ना?

नाही. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते, असं त्यात आढळलं. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांवर स्मार्टच्या चार ठळक इशाऱ्यांपैकी एकही नोंदलेला नव्हता. स्वच्छ नोंद हे निर्दोषपणाचं प्रमाणपत्र ठरत नाही.

म्हणून दुसरी पायरी: डिस्कच्या प्रत्येक जागेवर काहीतरी लिहायचं आणि लिहिलं तेच परत वाचता येतं का ते बघायचं. लिनक्सवर ‘बॅडब्लॉक्स’ नावाचं साधन हे काम करतं. ते चार वेगवेगळे नमुने एकेक करून पूर्ण डिस्कवर लिहितं आणि प्रत्येक नमुना वाचून पडताळतं. म्हणजे चार वेळा लिहिणं, चार वेळा वाचणं. ८ टेराबाइटची डिस्क सरासरी १८० मेगाबाइट दर सेकंदाला या वेगाने चालली, तर एका फेरीला बारा तासांहून थोडं जास्त लागतं आणि आठ फेऱ्यांना साधारण चार दिवस. ते संपलं की स्मार्टची दीर्घ चाचणी चालवायची आणि सुरुवातीचे आकडे शेवटच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. ५, १९७ आणि १९८ जागचे हलले नसतील तर डिस्क पास.

ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते. डेटा असलेल्या डिस्क जोडलेल्या असताना चुकीचं अक्षर टाइप झालं, तर काही मिनिटांत न भरून येणारं नुकसान होतं. शक्य असेल तर नवी डिस्क वेगळ्या संगणकावर तपासावी, किंवा बाकीच्या डिस्कांच्या केबल काढून ठेवाव्यात. तेही जमत नसेल तर आज्ञेत सिरियल नंबर असलेलं लांब नाव वापरावं. लांब नाव टाइप करायला कंटाळा येतो, पण फोटोतल्या नंबराशी ते जुळवून पाहता येतं. एसडीसी हे नाव कशाशीच जुळवून पाहता येत नाही.

## एवढ्या चाचणीने डिस्कच झिजणार नाही का?

आक्षेप रास्त आहे. घरच्या नॅससाठी बनवलेल्या अनेक डिस्कांना कंपन्या वर्षाला १८० टेराबाइटची ये-जा पेलण्याची मर्यादा देतात, आणि त्यात वाचणं-लिहिणं दोन्ही धरलेलं असतं. ८ टेराबाइटच्या डिस्कवर आठ फेऱ्या म्हणजे ६४ टेराबाइट, वर्षाच्या हिश्श्यातला तिसऱ्या भागाहून जास्त. घरचा सर्व्हर एरवी एवढं काम क्वचितच करतो, त्यामुळे ही एकदाचीच मेहनत डिस्कला जड जात नाही. वेळ नसेल तर एकाच नमुन्याची लिहिणं-वाचणं अशी फेरी करावी. बहुतेक ढोबळ दोष त्यातही उघडे पडतात. दर महिन्याला मात्र हा प्रयोग करू नये. पुढे नुसती वाचून पाहणारी तपासणी पुरते. चाचणी चालू असताना डिस्कवर पंख्याचा वारा राहील एवढं बघावं, कारण सलग चार दिवसांच्या कामात उघड्यावर ठेवलेली डिस्कही चांगलीच तापते.

## रेड आहे ना, मग काळजी कसली?

रेड म्हणजे अनेक डिस्कांचा असा संच, की एखादी मेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातला डेटा पुन्हा उभा करता येतो. कोणत्या रचनेत किती डिस्क मेलेल्या चालतात हे ठरलेलं असतं. रेड-५मध्ये फक्त एक.

आता त्या दिवसाचा विचार करा. चारपैकी एक डिस्क गेली आहे. सर्व्हर चालू आहे, पण आता आणखी एक चूकही त्याला परवडणारी नाही. पेटीत एकसारख्या दिसणाऱ्या चार डिस्क. तुम्ही एक बाहेर ओढता, आणि ती चांगली निघते. संच तिथेच कोसळतो. पुष्कळदा डिस्क परत लावून तो सावरता येतो, पण त्या क्षणी काही लिहिलं जात असेल, किंवा घाबरून पुढची चुकीची आज्ञा दिली गेली, तर सावरणं अवघड होतं. रेड डिस्क मेल्यावर सांभाळून घेतं. आपण भलतीच डिस्क काढली तर सांभाळून घेईलच असं नाही. आणि चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कांवरून इमानेइतबारे पुसतं, त्यामुळे वेगळा बॅकअप लागतोच.

डिस्क निवडतानाची एक गोष्टही इथेच सांगतो. काही डिस्क डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहितात. याला एसएमआर म्हणतात. जागा वाढते, पण मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. मेलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क लावली तर संच पुन्हा उभा राहायला कित्येक पटींनी जास्त वेळ लागू शकतो. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (म्हणजे लाल; वरच्या रेडशी संबंध नाही) या मालिकेतल्या काही डिस्क या प्रकारच्या आहेत हे २०२० साली बाहेर आलं, तेव्हा ग्राहक संतापले होते. त्यानंतर कंपनीने कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं आहे हे जाहीर केलं. नॅससाठी घेताना माहितीपत्रकात सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवणारी पद्धत, असं लिहिलेलं आहे का ते वाचावं.

## जुने ठसे आणि नवी आखणी

आधी वापरलेली डिस्क नव्या संचात घालायची असेल तर तिच्यावरचे जुने ठसे आधी पुसावे लागतात. लोक डिस्कची सुरुवात पुसतात आणि काम झालं असं समजतात. पण डिस्कच्या आखणीचा तक्ता, म्हणजे जीपीटी, स्वतःची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटीही ठेवतो. झेडएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याची पद्धत, तर आपली ओळख चार ठिकाणी लिहिते, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. हे राहून गेलं की महिन्यांनी सर्व्हर अचानक एखादा जुना, अस्तित्वात नसलेला संच शोधू लागतो. ‘वाइपएफएस’ हे साधन असे ठसे शोधून पुसतं. पूर्ण डिस्कवर लिहिणारी चाचणी केली असेल तर हे आपोआप साधलेलं असतं.

आखणी जीपीटी पद्धतीचीच करावी. जुन्या एमबीआर पद्धतीत नेहमीच्या ५१२ बाइटच्या हिशेबाने २ टेबीबाइटच्या पुढची जागा वापरताच येत नाही. टेबीबाइट म्हणजे १,०२४च्या पटींनी मोजलेलं माप. कंपन्या १,०००च्या पटींनी मोजतात, म्हणूनच ८ टेराबाइटची डिस्क काही संगणकांवर ७.२८ दिसते. त्यात फसवणूक नसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ८ टेराबाइटच्या डिस्क नेमक्या सारख्या आकाराच्या असतीलच असं नाही, म्हणून शेवटी थोडी जागा मोकळी सोडावी. पर्यायी डिस्क किंचित लहान निघाली तरी संच तिला नाकारू शकतो. झेडएफएस वापरणार असाल तर ‘एशिफ्ट’ ही किंमत १२ ठेवावी, म्हणजे डिस्कच्या आतल्या ४,०९६ बाइटच्या मापाशी हिशेब जुळतो. ती नंतर बदलता येत नाही.

## नाव कसं द्यावं

आता मुख्य काम. नाव तीन ठिकाणी असावं: डिस्कवर चिकटवलेलं, डिस्कच्या आत लिहिलेलं आणि वहीत नोंदलेलं. तिन्ही ठिकाणी तेच.

नाव कामावरून ठेवू नये. ‘सिनेमा-१’ असं नाव दिलेल्या डिस्कवर दोन वर्षांनी मुलांचे फोटो असतात. खणावरूनही नको, कारण डिस्क हलतात. एक चालता क्रमांक आणि सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं, एवढं घरासाठी पुरेसं आहे. शेवटचीच का, तर एकाच मॉडेलच्या डिस्कांची सुरुवातीची अक्षरं बऱ्याचदा सारखी असतात. पसंत असेल तर खरेदीचं वर्ष आणि महिनाही जोडावा; वॉरंटीचा हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

डिस्कच्या आतलं नाव देताना मराठी माणसाला एक अडचण येते, ती आधीच माहीत असावी. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये नावाला १६ बाइट मिळतात, एक्सएफएसमध्ये फक्त १२. रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे ईएक्सटी४मध्ये जेमतेम पाच चिन्हं आणि एक्सएफएसमध्ये चार. ‘फोटो’ एवढ्याच शब्दात चार संपली. जीपीटीमध्ये पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या आखलेल्या भागाला, वेगळं नाव देता येतं आणि तिथे देवनागरीचीही ३६ चिन्हं बसतात. तरी आज्ञा टाइप करताना घोटाळा होऊ नये म्हणून आतल्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच वापरावं, मोकळी जागा सोडू नये. वहीतला तपशील खुशाल मराठीत लिहावा.

चिकटपट्टी लावायची ती डिस्कच्या आखूड कडेवर, केबल जोडतात त्याच्या विरुद्ध बाजूला. खणात बसल्यावर बहुतेक पेट्यांमध्ये हीच कड समोर येते. कंपनीचं लेबल झाकू नये, वॉरंटीसाठी ते लागतं. काही डिस्कांना छोटं भोक असतं आणि ते झाकू नका असं शेजारी छापलेलं असतं. आतल्या हवेचा दाब बाहेरच्याशी जुळण्यासाठी ते असतं. हेलियम भरलेल्या डिस्क सीलबंद असतात, त्यांना असं भोक नसतं. थर्मल कागदावरची छपाई काळाने फिकी पडते, त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पट्टीवर न पुसणाऱ्या पेनाने लिहिलेलं जास्त टिकतं. सरकत्या ट्रेवर दुसरी पट्टी लावायची असेल तर लावा, पण डिस्क बदलली की ट्रेवरची पट्टीही त्याच वेळी बदलायला हवी.

## तयार नॅस पेटी सगळं स्वतःच दाखवते, मग वही कशाला?

तयार पेटीच्या पडद्यावर खण आणि सिरियल नंबर दोन्ही दिसतात, आणि पेटी ठीक आहे तोवर ते पुरतंही. पण कधी डिस्क ठीक असते आणि पेटीच बंद पडते. मग त्या डिस्क दुसरीकडे जोडायची वेळ आली, तर कोणती कोणत्या संचातली हे सांगणारा पडदा नसतो.

वहीचा त्याहून मोठा उपयोग वेगळाच आहे. पूर्ण मेलेली डिस्क स्वतःचा सिरियल नंबर सांगत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ती दिसतच नाही, मग तिला शोधायचं कसं? उरलेल्या जिवंत डिस्कांचे नंबर वाचायचे, वहीत त्यांच्यापुढे खूण करायची, आणि जिच्यापुढे खूण झाली नाही ती मेलेली. मग सर्व्हर रीतसर बंद करायचा, ती डिस्क काढायची, आणि नवी लावण्याआधी कंपनीच्या लेबलवरचा पूर्ण नंबर वहीशी एकदा ताडून पाहायचा. वही नसेल तर डिस्क एकेक करून ओढून पाहणं उरतं.

वहीत प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ पुरते: क्रमांक, मॉडेल, पूर्ण सिरियल नंबर, खरेदी आणि वॉरंटीच्या तारखा, पहिल्या तपासणीचे आकडे, कोणत्या संचात आहे. गेलेल्या डिस्कची ओळ खोडावी, पण तिचा क्रमांक नव्या डिस्कला देऊ नये. तिसरी डिस्क गेली आणि चार होत्या, तर नवीचा क्रमांक पाच. वॉरंटीत परत पाठवायची डिस्क मेलेली असल्याने पुसता येत नाही, म्हणून खासगी डेटा असेल तर डिस्क सुरुवातीलाच एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी केलेली बरी. त्याच्या किल्लीची आणि हेडरची (कुलूप उघडण्याची माहिती असलेल्या भागाची) प्रत दुसरीकडे ठेवावी, कारण हेडर बिघडलं तर योग्य पासवर्ड असूनही काही उघडत नाही.

ही वही फाइलच्या रूपात त्याच सर्व्हरवर ठेवू नये. एक प्रत फोनमध्ये असावी आणि एक कागदावर छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. तिच्यावर तारीख घालावी आणि डिस्क बदलली की त्याच दिवशी नवी प्रत लावावी.